दवाखान्याच्या अलीकडे

मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडू शकते. लहान मुलाच्या बाबतीत असे क्वचित घडते. मुलाचे हृदय सर्वांत शेवटी थांबते आणि त्याआधी बराच वेळ त्याचा श्वास अडखळत आलेला असतो. न्यूमोनिया, दमा, घशात अडकलेला शेंगदाणा, विहिरीत पडणे, मण्यारीचा दंश, लांबलेली आकडी, यांतले एक कारण दुसऱ्यासारखे नाही. पण बहुतेकांचा शेवट शरीराला प्राणवायू कमी पडण्यात होतो. दवाखान्यात पोचण्याआधी मुलावर करायच्या उपचारांचे बरेचसे शास्त्र या एका गोष्टीभोवती उभे आहे. श्वास सावरला, तर पुढच्या उपचारांना अवधी मिळतो. तो अवधी निघून गेला, की अतिदक्षता विभागातल्या यंत्रांच्या हातीही फारसे काही उरत नाही.

तान्ह्या बाळाला किलोमागे लागणारा प्राणवायू मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि फुप्फुसातला साठा मात्र तोकडा. श्वासनलिका आधीच अरुंद. चार मिलिमीटरच्या वाटेला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर हवेला जायला पाव जागा उरते. मोठ्या माणसाला तेवढ्या सुजेने फार तर आवाज बसल्यासारखा वाटेल. जीभ तोंडाच्या मानाने मोठी. डोक्याचा मागचा भागही मोठा, त्यामुळे बाळाला सपाट जागी उताणे ठेवले की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट दुमडते. खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवणे हा त्यावरचा उपाय. तो कोणत्याही घरात होऊ शकतो आणि सहसा कुठल्याच घरात होत नाही.

रक्ताचा हिशेबही वेगळा आहे. मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे दहा किलोंच्या मुलाच्या अंगात पाऊण लिटरहून थोडे अधिक. चहाचे दोन कप भरतील एवढे रक्त गेले, तर पाव हिस्सा गेला. तरीही त्याचा रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो, कारण रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय दुप्पट धावू लागते. मूल असे सावरून धरते, धरते आणि मग एकदम कोसळते. ‘सकाळी तर खेळत होता हो’ असे बालरोग विभागाच्या दारात आया सांगतात, तेव्हा त्या खरेच सांगत असतात.

म्हणूनच मुलाकडे पाहण्याची रीत यंत्रांपासून सुरू होत नाही. हात न लावता, दारातूनच तीन गोष्टी पाहायच्या. मूल कसे दिसते आहे: आईकडे बघते का, रडण्यात जोर आहे का, की मान टाकून पडले आहे. श्वास कसा चालला आहे: नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खळगा पडतो का, कण्हल्याचा आवाज येतो का. आणि कांती कशी आहे: फिकट, निळसर की डागाळलेली. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे. यातली एक जरी गोष्ट बिघडलेली असेल, तर थर्मामीटर शोधत बसू नये.

कडेवर घेता येते म्हणून

छातीत दुखू लागलेल्या आजोबांना उचलणे सोपे नसते. चार माणसे गोळा होतात, कोणीतरी फोन करते, रुग्णवाहिकेची वाट पाहिली जाते. मूल मात्र कडेवर घेता येते. म्हणून कोणी थांबत नाही. गावात मोटारसायकल निघते. पुढे बाप, मागे काका, मध्ये आई किंवा आजी आणि तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेले मूल. शहरात रिक्षा निघते. मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयात किंवा शीवच्या रुग्णालयात पोचणारी कित्येक आजारी मुले टॅक्सीतून, आईच्या खांद्यावरून आत येतात.

वेळ वाचतो, हे खरेच. पण त्या गोधडीत नेमके नको ते घडू शकते. तोंडावर पदर ओढलेला असतो, मान पुढे मुडपलेली असते, आणि श्वास चालला आहे की नाही हे पाहायला कोणाचा डोळा पोचत नाही. तोंड उघडे ठेवावे, मान सरळ राहील असे धरावे, उलटी होत असेल तर कुशीवर ठेवावे आणि सोबतच्या एकाने फक्त बाळाच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे, एवढ्या चार गोष्टी मोटारसायकलवरही पाळता येतात. दुसरी अडचण ठिकाणाची. घर पळते ते जवळच्या दवाखान्याकडे, ओळखीच्या डॉक्टरांकडे. तिथे ऑक्सिजन नसतो, लहान मास्क नसतो. डॉक्टर बघतात, एखादे इंजेक्शन देतात आणि ‘पुढे घेऊन जा’ म्हणतात. अशा दोन-तीन दारांवर गेलेला वेळ कोणाच्याच नोंदीत येत नाही.

दवाखान्याआधीची बालसेवा म्हटली की रुग्णवाहिका डोळ्यांपुढे येते. मुलांच्या बाबतीत या सेवेचा मोठा भाग रुग्णवाहिकेच्या आधीच, आईबापांच्या हातून होतो किंवा व्हायचा राहतो. गाड्या वाढवण्यावर जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशानेही या पहिल्या हातांवर बोलले जात नाही.

आकडी, दाणा, भाजणे, जुलाब

तापात येणाऱ्या आकडीने घर जेवढे हादरते तेवढे क्वचितच कशाने हादरत असेल. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते. त्या काही मिनिटांत चप्पल हुंगवली जाते, कांदा फोडून नाकाशी धरला जातो, दातखीळ उघडायला चमचा घातला जातो. चमच्याने दात पडतो आणि तोच घशात जाऊ शकतो. करायचे ते फार थोडे आहे: मुलाला कुशीवर वळवणे, गळ्याजवळचे कपडे सैल करणे, तोंडात काहीही न घालणे, आणि घड्याळ बघणे. घड्याळ बघणे कोणाला सुचत नाही, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते, म्हणून पाच मिनिटे ही औषधाची रेघ धरली जाते. ज्या मुलांना वारंवार आकडी येते, त्यांच्या घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आता डॉक्टर लिहून देतात. शीर शोधावी लागत नाही, सुई लागत नाही. बाटली कपाटात असली तरी ती कधी आणि किती वेळा दाबायची हे आजीलाही ठाऊक हवे, कारण दुपारी घरी तीच असते.

घशात दाणा अडकला की प्रश्न मिनिटांचा. मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावे. त्याच्या खोकल्याइतका जोर बाहेरून कोणी देऊ शकत नाही. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, की हात घालायची वेळ. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून पोटावर वर-आत असे पाच झटके. आलटून पालटून, वस्तू निघेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध होईपर्यंत. बेशुद्ध झाले तर छातीदाब आणि तोंडाने श्वास. दिसत नसलेली वस्तू बोटाने काढायला जाऊ नये, ती आणखी खाली जाते. मुलाच्या बाबतीत नुसता छातीदाब पुरत नाही, श्वासही द्यावे लागतात, कारण त्याचे हृदय थांबलेले असते तेच मुळी हवेअभावी. एकटा माणूस असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास, दोघे प्रशिक्षित असतील तर पंधरामागे दोन. छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा खाली जाईल एवढा दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

आंघोळीच्या कढत पाण्याने भाजलेल्या मुलाला टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावून आणलेले पाहणे हा प्रत्येक सरकारी दवाखान्यातला अनुभव. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते पाणी धरावे, असे शास्त्र सांगते. मार्चपासून टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा सल्ला थट्टेसारखा वाटेल. तिथे गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके पुन्हा पुन्हा बदलत ठेवायचे, आणि बाकीचे अंग झाकून ठेवायचे, नाहीतर तान्हे बाळ गारठते. रॉकेल प्यालेल्या मुलाला मिठाचे पाणी पाजून ओकवणे ही अशीच एक जुनी खोड. पोटात गेलेले रॉकेल वर येताना फुप्फुसात उतरते आणि खरा घात तिथे होतो.

जुलाबाची गोष्ट या सगळ्यांत आशेची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ होती, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांकडे दिले. मृत्यूचे प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. डॉक्टर कमी होते म्हणून आयांच्या हाती उपचार गेला आणि तो यशस्वी झाला. आज अशा द्रावणाची, म्हणजे ओआरएसची, पुडी गावातल्या प्रत्येक आशाताईच्या (आशा आरोग्य कार्यकर्तीच्या) पिशवीत असते. चूक होते ती पाजण्यात. मूल ओकले की घर पाजणे बंद करते. दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचे असते. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर गाडीतही.

श्वास मोजणारी माणसे

न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप लागतोच असे नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनिया धरून चालायचे. अट एकच: मूल शांत हवे आणि पूर्ण मिनिट मोजायचे. ‘वहिनी, अंगडं जरा वर करा, पोट बघू दे,’ असे म्हणत आशाताई बाळाजवळ बसते ती यासाठी.

ही पद्धत खेड्यात चालते हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक द्यायला शिकवले. त्याने बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी एक साधे साधन बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे घरोघर नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूतांचे काम उभे राहिले, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर बाळाला भेटी देऊ लागल्या.

याच्या उलट टोकाला मेळघाटातला ‘डंबा’ आहे. बाळाचे पोट फुगले, श्वास जोरात चालू लागला की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे. अघोरी म्हणून बातम्या होतात आणि थांबतात. ज्या आईने बाळाला भूमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदूकडे, नेले, तिने श्वास बिघडल्याचे अचूक ओळखलेले असते, ही गोष्ट बातमीत येत नाही. ओळख बरोबर, दार चुकीचे. तिला दटावण्यापेक्षा तिच्या पाड्यावर प्रतिजैविकाचा पहिला डोस पोचवणे अधिक उपयोगाचे. गंभीर आजारी बाळाला पुढे पाठवण्याआधी एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) पहिला डोस द्यायचा, अशी तरतूद आहे. त्या डोसमुळे रस्त्यातले चार तास निव्वळ प्रवासाचे राहत नाहीत.

रात्रीचे दंश

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते तेव्हा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, मग पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही. पोटदुखीवर ओवा देण्यात तास जातो. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय आणि मेंदू शाबूत असतात. म्हणजे श्वास देण्याचा फुगा आणि मास्क हातात असलेल्या माणसाने वाटभर श्वास दिला, तर निळे पडलेले मूल जगते. दोरी आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे थांबणे यांतल्या कशानेही विष उतरत नाही. पाय किंवा हात हलू न देता नेणे, एवढेच करायचे. प्रतिविषाची मात्रा मुलाला मोठ्यांइतकीच द्यावी लागते, कारण सापाने विष टोचताना वजन पाहिलेले नसते.

कोकणात लाल विंचू आहे. घामाने थबथबलेले, हातपाय गार पडलेले, लाळ गळणारे मूल काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन दगावत असे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी यावर लागू पडते हे दाखवले. तो निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. शिरेचे इंजेक्शन नसल्यामुळे हा उपचार आरोग्य केंद्रातच, रुग्णवाहिका येण्याआधी सुरू करता येतो. मृत्युदर त्या भागात एका टक्क्यापर्यंत खाली आला.

१०८

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. सुरुवातीचा ताफा ९३७ गाड्यांचा: २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक. फोन पुण्याच्या नियंत्रण केंद्रात लागतो. जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण, असे प्रश्न येतात. घाबरलेल्या बापाला ते निरर्थक वाटतात, पण एकाच नावाची गावे तालुक्या-तालुक्यांत आहेत. मग जवळची गाडी निघते. शहरात वीस, ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोचायचे असा संकेत आहे. घाटात, नेटवर्क नसलेल्या पाड्यावर संकेताला अर्थ राहत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते. नर्मदाकाठच्या अक्राणीत बोटीतला दवाखाना फिरतो. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे झोळी असते: बांबू, चादर आणि दोन खांदे.

इतर अनेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रात डॉक्टर असतो, बहुतांशी आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर. चालकाला इथे ‘पायलट’ म्हणतात. पायलटच्या हाती वेग आणि सायरन असतो. मुलाच्या बाबतीत दहा मिनिटे लवकर पोचण्यापेक्षा निघण्याआधी दोन मिनिटांत घसा साफ करून ऑक्सिजन लावणे बहुधा मोलाचे ठरते. पळत्या गाडीत बाळाच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही. तो मास्क मापाचाही हवा. मोठ्यांचा फुगा दीड लिटरचा. तो तान्ह्याला दाबला तर हवा पोटात जाते किंवा फुप्फुस फाटते. बाळाच्या बोटाला ऑक्सिमीटरची मोठी चिमटी बसत नाही आणि पडद्यावर भलताच आकडा दिसतो. गाडी सुसज्ज आहे की नाही हे ठरते ते अशा चार-पाच छोट्या, स्वस्त वस्तूंवर. मुलांचे कॉल कमी असल्याने त्या तळाशी जातात, आणि हात सरावात राहत नाहीत.

वजन किती?

मोठ्यांची मात्रा ठरलेली, मुलाची वजनावर. अ‍ॅड्रेनालिनची कुपी एक मिलिग्रॅमची, एक मिलिलिटरची. दहा किलोंच्या मुलाचे हृदय थांबले, तर ती दहापट पातळ करून एक मिलिलिटर शिरेत द्यायची. त्याच मुलाला मधमाशीच्या डंखाने जीवघेणी अ‍ॅलर्जी आली, तर पातळ न करता ०.१ मिलिलिटर मांडीच्या स्नायूत. औषध दोन्ही वेळा तेवढेच, सिरिंजमधला आकडा दहापट वेगळा. हा हिशेब हलत्या गाडीत, आईच्या आक्रोशात करायचा असतो. जेम्स ब्रॉसेलो या अमेरिकन डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात त्यासाठी रंगीत पट्टी काढली: मुलाची उंची मोजा, त्या रंगाच्या चौकटीतली मात्रा द्या. मात्र ती अमेरिकन मुलांच्या बांध्यावर बेतलेली. मुंबईतल्या मुलांवर तपासली तेव्हा दहा किलोंपुढच्या मुलांचे वजन ती जास्त दाखवते असे आढळले. कुपोषित मुलाच्या बाबतीत हा फरक वाढणारच.

खरे तर आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. अंगणवाडीत मुलाचे वजन महिन्याच्या महिन्याला होते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर चढते. ते कार्ड घरात, बहुधा पत्र्याच्या पेटीत असते. निघताना ते सोबत घेतले तर अंदाज करावा लागत नाही.

तान्ह्याचा प्रवास

नवजात बाळाच्या प्रवासाला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: ऊब, साखर, श्वास. ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली बाळ गारठू लागते, गारठ्यात साखर जळते, साखर उतरली की श्वास मंदावतो. धारणीहून अमरावतीचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. मोखाड्याची बाळे नाशिकला जातात. काचेची तापती पेटी प्रत्येक गाडीत नसते. आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, टोपी घालून, वरून पांघरूण घेतलेले बाळ पेटीइतकेच उबदार राहते. पण बाळंतीण वॉर्डात अडकलेली असते, म्हणून बाळ आजीसोबत निघते आणि दूध मागे राहते. आजीच्या किंवा बापाच्या छातीशीही ऊब तेवढीच मिळते, हे त्यांना कोणी निघताना सांगितले तर. दूध काढून वाटीत सोबत देणे हेही असेच, कोणीतरी आठवणीने करायचे काम. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजाताची ने-आण मोफत केली. वाटेतली काळजी मात्र पाठवणाऱ्या नर्सच्या सवयीवर अवलंबून राहिली.

हातातून हातात

मोठ्या रुग्णालयाच्या दारात बाळ हातातून हातात जाते तेव्हा पाच वाक्ये पुरतात: वजन किती, केव्हापासून, काय दिले आणि किती वाजता, वाटेत श्वास कसा होता, शेवटचे दूध किंवा पाणी कधी. प्रत्यक्षात चिठ्ठीवर अनेकदा ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच असते. मग पहिला डोस दुसऱ्यांदा दिला जातो किंवा दिलाच जात नाही. बेड रिकामा आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारले असेल, तर दारातला अर्धा तास वाचतो. फोन नसेल झाला, तर गाडी तिथून आणखी पुढच्या शहराकडे वळते.

उलट्या दिशेने निरोप क्वचितच जातो. बाळ वाचले की नाही, मास्क नीट बसला होता का, डोस वेळेत पडला होता का, हे १०८ च्या डॉक्टरला सहसा कळत नाही. कागदावर सही घेऊन तो पुढच्या कॉलवर गेलेला असतो. आशाताईला कळते ते बाळ घरी परतल्यावर, कारण नवजात कक्षातून सुटलेल्या बाळाकडे जाऊन वजन, तापमान आणि श्वास मोजायची जबाबदारी पुन्हा तिचीच असते.